हिरव्या गेटचा थांबा

मॅलकी हेरेटीनं आठ वर्षांत सहाशेहून जास्त मयतींना हजेरी लावली होती. आयर्लंडमधल्या मेयोच्या डोंगरातून निवडून यायचं तर त्याला इलाज नव्हता. खासदार डब्लिनला जाऊन संसदेत काय बोलतो याची तिकडं कुणी फारशी चौकशी करत नाही. पण चर्चच्या दाराशी रांगेत उभं राहून त्यानं घरच्यांचा हात हातात घेतला नाही, तर ते घर पुढच्या तीन निवडणुका ती गोष्ट विसरत नाही. म्हणून मॅलकीच्या गाडीत एक काळी वही असायची. कोण गेलं, कधी गेलं, मागं कोण आहे, सगळं तिच्यात लिहिलेलं. बायको म्हणायची की तुला जिवंत माणसांपेक्षा मेलेली जास्त ओळखतात.

त्या शनिवारी तो स्वयंपाकघरात कागद घेऊन बसला होता. तो लोकलेखा समितीवर होता. सरकारनं पैसा कुठं आणि कसा खर्च केला हे ती समिती दर गुरुवारी विचारते. सचिवांना समोर बसवते, आणि प्रत्येक सदस्याला प्रश्नांसाठी दहा मिनिटं देते. येत्या गुरुवारी पाळी होती खेड्यांतल्या बसयोजनेची. ज्या रस्त्याला नेहमीची सरकारी बस येत नाही, तिथं गावाच्या मंडळानं छोटी बस चालवायची आणि सरकारनं वर्षाला ठोक रक्कम द्यायची, अशी ती योजना. लेखापरीक्षकांनी देशभरातले चार मार्ग नमुन्याला काढून त्यांची प्रवासीपत्रकं जोडली होती. माणसांची नावं काळ्या पट्ट्यांनी झाकली होती. वय, बाई की पुरुष, आणि कुठल्या थांब्यावर चढले, एवढं उघडं ठेवलं होतं.

तिसरा मार्ग मॅलकीच्याच डोंगरावरचा निघाला. ग्लेनावडा ते बॅलीकोरा, मंगळवार आणि शुक्रवार. त्याला आधी बरंच वाटलं. तीन वर्षांपूर्वी ही बस बंद व्हायची होती. तेव्हा त्यानं संसदेत लेखी प्रश्न टाकला होता आणि उत्तर आलं होतं, की फेरीला सरासरी आठ प्रवासी असतील तोवर बस चालू राहील. ते उत्तर त्यानं पत्रकावर छापून घरोघर वाटलं होतं, वर स्वतःचा फोटो टाकून.

चहा पीत त्यानं यादीवरून बोट फिरवलं. जुनी डेअरी, पुरुष, त्र्याऐंशी. तो जोसी डर्कन. विहिरीचा फाटा, दोन बायका, एकोणऐंशी आणि शहात्तर. त्या कीव्हनी बहिणी. शाळेची भिंत, पुरुष, एक्काहत्तर. तो डोळे गेलेला सुतार. मग वाकडा पूल, बाई, एकशेएक. इथं त्याचं बोट थांबलं. वाकड्या पुलाशी एकच म्हातारी राहायची, बायना रुएन, आणि ती अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली होती. वही काढून बघायचीही गरज नव्हती. तिच्या मयतीला गारा पडल्या होत्या.

पुढची ओळ होती, हिरवं गेट, बाई, एकोणनव्वद.

डोंगरावर हिरवं गेट एकच. त्याला रंग मॅलकीनंच दिला होता, आई ओट्यावरून सूचना करत होती तेव्हा. त्याची आई डीलिया दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन. पत्रकाप्रमाणं गेल्या मंगळवारी ती बसनं बॅलीकोराला जाऊन आली होती.

शेवटच्या दोन ओळी म्हातारा पोस्टमन आणि त्याची बायको. ती दोघंही वहीत होती. आठातली चार माणसं मेलेली.

रविवारी प्रार्थना आटोपून तो अ‍ॅट्रॅक्टा फीलीकडं गेला. अ‍ॅट्रॅक्टा सहासष्ट वर्षांची. एकवीस वर्षं ती ही बस चालवत होती आणि पत्रकही तीच भरायची. अंगणात पाइप धरून ती बस धूत होती. मॅलकीला तिनं अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळं खासदारकीचं तिला कौतुक नव्हतं.

त्यानं घडी घातलेला कागद पुढं केला. तिनं हात एप्रनला पुसले, कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"अक्षर तरी चांगलं आलंय," ती म्हणाली.

"अ‍ॅट्रॅक्टा, यात माझी आई आहे."

"आहे ना. तिसरी सीट, खिडकीकडची."

तिनं पाइप बंद केला आणि जे होतं ते सरळ सांगितलं. बायना गेली तेव्हा सात उरले. ते तिनं एकदा खरं लिहिलं, तर पंधरा दिवसांत वरून पत्र आलं की सरासरी घसरतेय, मार्गाचा विचार करावा लागेल. मग पुढच्या पत्रकात तिनं बायनाला परत घेतलं. नंतर पोस्टमन, मग डीलिया, मग पोस्टमनची बायको. मंडळाला यातलं काही ठाऊक नव्हतं, निदान कुणी विचारलं नव्हतं. पैसा माणशी मिळत नव्हता, त्यामुळं कुणाच्या खिशात एक सेंटही जास्तीचा गेला नव्हता. फक्त बस चालू राहिली होती.

"आणि वयं वाढवत कशाला गेलीस?" मॅलकीनं विचारलं. "बायना एकशेएक वर्षांची झालीय."

"दर जानेवारीत फॉर्मवर वय विचारतात. मग वय काय खोटं लिहू?"

मॅलकीला हसावं की काय करावं कळेना. ती मात्र गंभीर होती. मग जरा वेळानं, बादली पालथी घालता घालता, तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. जिथं जिथं खूण करायची, त्या प्रत्येक थांब्यावर ती बस थांबवायची. वाकड्या पुलाशी थांबायची, पोस्टमनच्या दाराशी थांबायची, हिरव्या गेटपाशी थांबायची. दार उघडायची, पत्रकावर खूण करायची, दार लावायची, निघायची. न थांबता खूण करायला तिचा हात उचलत नव्हता. आत बसलेले चौघं काही बोलायचे नाहीत. हिरव्या गेटपाशी जोसी डर्कन टोपी काढायचा.

जोसीची बायको नोनी बॅलीकोराच्या वृद्धाश्रमात होती, बावीस किलोमीटरवर. जोसीची नजर अधू झाल्यावर त्याचा गाडीचा परवाना गेला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तो जाऊन नोनीला दुपारचं जेवण भरवायचा. इतर पाच दिवस ती नर्सच्या हातून दोन घास घ्यायची आणि तोंड मिटायची. बस बंद पडली तर या प्रकरणात खरा फटका बसणार होता तो तिला.

"गुरुवारी तू काय बोलणारेस?" अ‍ॅट्रॅक्टानं विचारलं.

मॅलकीनं ओल्या बसच्या आत डोकावून पाहिलं. दार उघडंच होतं. एकेक करत त्यानं सीटा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. ड्रायव्हरची सोडून आठ.

"ही नवी गाडी कधी आली?"

"चार वर्षं झाली. आधीची सोळाची होती. ही डिझेल कमी पिते म्हणून दिली." तिनं बसच्या टपावर हात मारला. "आणि आठाला आठ खरेच बसले असते ना, तर जोसीचा वॉकर मी कुणाच्या मांडीवर ठेवला असता, ते त्या तुझ्या सचिवाला विचार."

निघताना तिनं त्याला फाटकाशी गाठलं. मंडळाचं नाव कुठं घेऊ नकोस, म्हणाली, लिहिलंय ते मी लिहिलंय. बाकी तुझं तू बघ.

बुधवारी डब्लिनमध्ये, संसदेच्या कँटीनमध्ये, इमेल्डा ट्रँट त्याच्या समोर येऊन बसली. ती शहरातली खासदार, विरोधी बाकावरची, आधी हिशेबतपासनीस होती. समितीत तिला सगळे घाबरायचे, कारण ती जोडपत्रंसुद्धा वाचायची. सूप ढवळत तिनं सांगितलं की उद्या तिला मजा येणार आहे. एका मार्गावर तीन वर्षं प्रत्येक फेरीला बरोब्बर आठ माणसं, ना सात ना नऊ. फ्लूच्या साथीतसुद्धा आठ. आणि त्यात एक एकशेएक वर्षांची बाई आठवड्यातून दोनदा बसनं हिंडते. शंभरी गाठली की राष्ट्रपतींचं पत्र आणि पैसे येतात. तिनं चौकशी केली होती, त्या टापूत तीन वर्षांत तसलं एकही पत्र गेलेलं नव्हतं.

"तुझ्याच भागातली आहे ना रे? ओळखतोस का म्हातारीला?"

मॅलकीनं ब्रेडला लोणी लावलं. खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण इमेल्डाच्या तोंडून ते निघालं की सगळ्या पेपरांत एकच गोष्ट येणार होती, डोंगरातल्या लबाड ड्रायव्हरबाईची. इमेल्डाची पाळी दुसरी होती, त्याची सातवी. सातव्या पाळीपर्यंत पत्रकार जेवायला गेलेले असतात. त्यानं तिला विचारलं, उद्या पाळी बदलून देशील का.

ती त्याच्याकडं बघत राहिली. "माझ्या प्रश्नावर बोळा फिरवणार असशील तर आत्ताच सांग."

"बोळा नाही फिरवत. तुझी म्हातारी तुलाच ठेवतो. मला फक्त आधी बोलू दे."

तिनं खांदे उडवले. शहरातल्या माणसानं डोंगरातल्यावर एकदा विश्वास टाकून बघायला हरकत नाही, म्हणाली, पण सूपचे पैसे तू देणार.

रात्री त्यानं बायकोला फोन केला. ती म्हणाली, गप्प बसलास तर बस आज ना उद्या जाणारच, आणि तूही तिच्याबरोबर जाशील. बोललास तर बस आधी जाईल. मग म्हणाली, डीलियाला खोटं बोललेलं खपायचं नाही, पण फुकटची बस तिनं सोडली नसती. या दोन्हीचा मॅलकीला काही उपयोग नव्हता.

गुरुवारी समितीच्या खोलीत सचिव फर्गल लीडन समोर बसले. उंच, सभ्य माणूस, जाड फाइल. त्यांच्या मागच्या रांगेत त्यांचे चार अधिकारी, पुढं चिठ्ठ्या सरकवायला तयार. लीडननी प्रास्ताविकात सांगितलं की योजना चांगली चालली आहे, आणि उदाहरण द्यायचं तर ग्लेनावडा मार्ग तीन वर्षं शंभर टक्के भरलेला आहे. ते वाक्य खात्याच्या वार्षिक अहवालातही होतं.

पहिल्या सदस्याचे प्रश्न झाले. मग अध्यक्षांनी मॅलकीचं नाव घेतलं.

"अध्यक्षमहाराज, आधी एक नोंद करायची आहे," मॅलकी म्हणाला. "या मार्गावरची सहावी प्रवासी माझी आई आहे."

अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते. हितसंबंध उघड केल्याबद्दल त्यांनी रीतीप्रमाणं आभार मानले आणि आपुलकीनं विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

"दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. पुढचा खांदा माझा होता."

लघुलेखिकेनं मान वर केली. लीडननी फाइलचं एक पान उलटलं, मग ते परत जागेवर आणलं.

मॅलकीनं सगळं सांगितलं. आठातले चार मेलेले आहेत. त्या चौघांच्याही मयतीला मी होतो. पत्रक भरणाऱ्या बाईनं हे केलं आणि तिनं ते माझ्यापाशी कबूल केलं. मंडळाचा यात हात नाही. कुणाला जास्तीचे पैसे मिळालेले नाहीत. आठाच्या अटीवर बस राहिली म्हणून पत्रकं छापून मतं मात्र मी मागितली, तीही नोंद करून घ्या. एवढ्यात त्याची चार मिनिटं गेली.

"आता माझा प्रश्न," तो म्हणाला. "सचिवसाहेब, आठ हा आकडा कुणी ठरवला?"

लीडन म्हणाले, तो योजनेचा जुना निकष आहे, गाडीच्या निम्म्या जागा भराव्यात असा त्याचा आधार.

"कुठल्या गाडीच्या?"

मागून एक चिठ्ठी आली. लीडननी ती वाचली. "सोळा आसनी."

"आणि आत्ता तिथं चालते ती गाडी किती आसनी?"

दुसरी चिठ्ठी यायला वेळ लागला. मागच्या रांगेत दोन डोकी एकत्र आली, एकानं फोन काढला, अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं. शेवटी चिठ्ठी आली. लीडननी ती वाचली आणि टेबलावर उपडी ठेवली.

"आठ," ते म्हणाले.

"म्हणजे गाडी अर्धी झाली आणि नियम तोच राहिला. एक म्हातारं तापानं घरी झोपलं की बस नापास. पैकीच्या पैकी जिवंत माणसं धरून हा नियम पाळून दाखवता येईल का, सांगा. तीन वर्षं आठाच्या गाडीत प्रत्येक फेरीला आठ बसतात हे तुमच्याकडं येत होतं. कुणाला शंका का आली नाही?"

लीडन प्रामाणिक निघाले. ते म्हणाले, आकडा चांगला होता म्हणून कुणी बघितलं नाही.

मॅलकीची दहा मिनिटं संपली. सातव्या पाळीला इमेल्डा ट्रँट बोलली. पत्रकार कुणी जेवायला गेले नव्हते. देशभरात एकूण किती मार्गांवर गाड्या बदलल्या आणि अट बदलली नाही, हे तिनं एकेक करून काढून घेतलं. एकतीस निघाले. म्हातारीबद्दल तिनं एकच वाक्य खर्च केलं, की खात्यानं बायनाबाईंना राष्ट्रपतींचं पत्र मिळवून दिलं असतं तर ही समिती वर्षभर आधीच बसली असती. बाहेर पडताना ती मॅलकीला म्हणाली की सूप तिच्याकडून.

शुक्रवारी सकाळी बस निघाली नाही. चौकशी होईपर्यंत मार्ग स्थगित, असा मेल मंडळाला आला. अ‍ॅट्रॅक्टाला चाव्या जमा करायला सांगितलं. मॅलकी आदल्या रात्रीच घरी परतला होता. दहाला तो स्वतःच्या गाडीनं जुन्या डेअरीपाशी गेला. जोसी डर्कन भिंतीला टेकून उभा होता, वॉकर पुढ्यात.

"बोललास म्हणे," जोसी म्हणाला.

"बोललो."

"आणि मंगळवारी? मंगळवारी तू डब्लिनला असतोस."

मॅलकीनं वॉकर मागं टाकला. बॅलीकोरा येईपर्यंत दोघांनी हवेपलीकडं काही बोलणं काढलं नाही.

मंगळवारी अ‍ॅट्रॅक्टानं आपली जुनी लाल गाडी काढली. जोसी पुढं, दोघी बहिणी आणि सुतार मागं, वॉकर आडवा तिघांच्या मांडीवर. पत्रक नव्हतं, त्यामुळं कुठं जास्तीचं थांबायचं कारण नव्हतं. असे सहा आठवडे गेले. डोंगरावर लोक मॅलकीशी वाईट वागले नाहीत. पण त्या महिन्यात एका मयतीला तो रांगेत उभा राहिला, तेव्हा चारपाच जणांनी दिलेल्या हाताला पकड नव्हती. अशा गोष्टी त्याला बरोबर कळायच्या. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, आज वही आणलीयस का, यालाही बसमध्ये घालायचंय. मॅलकीही हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

चौकशीला दोन अधिकारी आले. अ‍ॅट्रॅक्टानं त्यांना चहा आणि फळांचा केक दिला, होतं ते सांगितलं आणि सही केली. पैशाचा अपहार नसल्यामुळं प्रकरण पोलिसांत गेलं नाही. पण खोटी पत्रकं भरणाऱ्याला पुन्हा ते काम देता येत नाही, आणि ते तिलाही मान्य होतं. एकवीस वर्षांचं काम एका चाव्यांच्या जुडग्यात संपलं.

सातव्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं. एकतीस मार्गांवर अट बदलली, चालू गाडीच्या निम्म्या जागा. ग्लेनावड्याला चार. मंडळानं बॅलीकोराचा एक ड्रायव्हर ठेवला, नीटनेटका, वेळेचा पक्का. अ‍ॅट्रॅक्टानं त्याला थांबे लिहून दिले. तीनच होते, जुनी डेअरी, विहिरीचा फाटा, शाळेची भिंत.

शनिवारी मॅलकी बॅलीकोरातल्या हॉटेलच्या मागच्या खोलीत लोकांच्या तक्रारी ऐकायला बसायचा. बस सुरू झाल्यावरच्या दुसऱ्याच शनिवारी जोसी डर्कन कीव्हनी बहिणींच्या पुतण्याच्या गाडीतून आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली.

नोनी कशी आहे, मॅलकीनं विचारलं. जोसी म्हणाला, जेवते. वजन थोडं उतरलंय, पण मंगळवार-शुक्रवार जेवते. मग त्यानं घसा साफ केला.

"मला त्या बसबद्दल तक्रार द्यायचीय."

"आता काय झालं, जोसीकाका?"

"लवकर पोचते. बारा मिनिटं लवकर. आश्रमाचं दार साडेदहाला उघडतं, मी बाहेर वाऱ्यात उभा. अ‍ॅट्रॅक्टाच्या वेळी बरोबर दार उघडताना पोचायचो."

मॅलकीनं पेन उचललं. ती बारा मिनिटं कुठं जायची हे दोघांनाही माहीत होतं. वाकडा पूल, पोस्टमनचं दार, हिरवं गेट.

"ड्रायव्हरला सांगू, जरा उशिरा निघ म्हणून?"

"उशिरा नको. त्याला म्हणावं, मधे कुठंतरी थांब." जोसीनं टोपी उलटी करून आत पाहिलं. "तू विचार की वर. लेखी प्रश्न टाक. तुला येतं ते."

मॅलकीनं तारीख लिहिली, जोसीचं नाव लिहिलं, खाली तक्रार लिहिली, जशी सांगितली तशी.